वर्षाला दोन सेंटिमीटर : हिमालयाच्या मोजणीची दोनशे वर्षे

भारतीय भूपट्ट आणि युरेशियाचा भूपट्ट दरवर्षी साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटरने एकमेकांच्या जवळ येत आहेत. यातली जवळजवळ निम्मी वाटचाल, म्हणजे वर्षाला सुमारे १८ ते २० मिलिमीटर, एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात जिरते. उरलेली तिबेट, तिएन शान आणि त्यांच्या आसपासच्या रांगांत वाटली जाते. हे आकडे आज भूगोलाच्या पुस्तकांतही सापडतात. ते हाती यायला मात्र दोनशे वर्षांची मोजणी लागली, आणि तिचा मोठा भाग ज्यांनी केला त्यांच्या मनात भूकंपाचा विचारही नव्हता.

ही मोजणी सुरू झाली मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी. विल्यम लॅम्बटन याने एप्रिल १८०२ मध्ये तेथे साडेसात मैल लांबीची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजायला घेतली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यामुळे एवढी एक रेषा नीट मोजली की पुढे डोंगरमाथ्यांवरून आणि देवळांच्या शिखरांवरून नुसते कोन मोजत शेकडो मैल जाता येत होते. कंपनी सरकारला नकाशा हवा होता, तर लॅम्बटनला पृथ्वीचा नेमका आकार शोधायचा होता, आणि दोन्ही हेतू एकाच कामात बसले. कोन मोजायचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर तो चढवताना आपटला आणि वाकला, तेव्हा लॅम्बटनने स्वतः बसून त्याचे वर्तुळ पुन्हा गोल करून घेतले. हैदराबादेहून नागपूरकडे जाताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे तो वारला. त्याची कबर आजही वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावी आहे.

लॅम्बटनचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट याने हे काम उत्तरेकडे नेले. हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर हिशेबात एक विसंगती दिसली. मध्य भारतातले सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरकडचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अक्षांशाचे अंतर दोन रीतींनी काढले होते, एकदा त्रिकोणांवरून आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्हींत पाच सेकंदांहून थोडा अधिक फरक आला, जमिनीवर दीडशे मीटरांहून जास्त. ताऱ्यांचे वेध घ्यायचे तर ‘सरळ वर’ कोठे हे ओळंब्यावरून ठरवावे लागते. शेजारी हिमालयाएवढा डोंगर असला तर तो ओळंबा स्वतःकडे ओढणार, हे उघड होते. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी ही ओढ किती असावी याचा हिशेब केला, आणि उत्तर अपेक्षेच्या उलट निघाले. डोंगराच्या आकारमानावरून फरक सुमारे सोळा सेकंदांचा यायला हवा होता, प्रत्यक्षात तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच होता.

म्हणजे ओढ जास्त आहे हा प्रश्न नव्हता, ती फारच कमी होती. १८५५ मध्ये इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी याचे स्पष्टीकरण सुचवले. डोंगराच्या खाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते आणि डोंगर त्याच्या आधारावर जड थरात तरंगत असतो. पृथ्वीचे कवच म्हणजे एकसंध ठोकळा नव्हे, त्याचे भाग वरखाली होऊ शकतात, हा विचार अशा रीतीने मोजणीतल्या एका त्रुटीतून आला. मोजणी खात्याने ही त्रुटी गुपचूप सगळ्या त्रिकोणांत वाटून टाकली असती तर कोणाच्या लक्षातही आले नसते. ते आकडे छापले गेले म्हणून प्रॅट आणि एअरी यांना वाद घालता आला.

भूकंपाशी या मोजणीची गाठ पडली १२ जून १८९७ च्या संध्याकाळी. शिलाँगच्या पठाराखाली आजच्या हिशेबाने ८.१ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा तपशीलवार अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. या भूकंपानंतरच कलकत्त्याजवळ अलिपूर, मुंबईत कुलाबा आणि दक्षिणेत कोडाईकॅनल येथे भूकंपमापक बसवले गेले. भूकंपानंतरच्याच हिवाळ्यात मोजणी खात्याची माणसे गारो आणि खासी टेकड्यांवर परत गेली आणि जुन्या खुणांवरून तेच कोन पुन्हा मोजले. जुन्या आणि नव्या आकड्यांत ठळक फरक निघाला, पण त्याचा उलगडा तेव्हा झाला नाही. जमिनीखाली कोणता प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली भेग, सरकला हे त्या आकड्यांतून काढायचे गणितही नव्हते आणि संगणकही. ते काम रॉजर बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड यांनी २००१ मध्ये केले. त्यांच्या मते पठाराच्या उत्तर कडेला सुमारे ११० किलोमीटर लांबीचा, जमिनीवर न दिसणारा प्रस्तरभंग आहे आणि १८९७ मध्ये पठाराची ती कड निदान ११ मीटर उचलली गेली. त्याला त्यांनी ओल्डहॅमचेच नाव दिले. शंभर वर्षांपूर्वीच्या वह्यांमधल्या आकड्यांनी एका भूकंपाचा पत्ता सांगितला, याहून मोठे प्रशस्तिपत्र मोजणी खात्याला मिळाले नसेल.

४ एप्रिल १९०५ च्या कांग्रा भूकंपात सुमारे २० हजार माणसे गेली. मसुरी आणि डेहराडून यांच्यामधल्या उंचीची मोजणी थोडीच आधी झाली होती, ती भूकंपानंतर पुन्हा केली तेव्हा डेहराडून मसुरीच्या तुलनेत काही सेंटिमीटर वर आलेले दिसले. या एका निरीक्षणावरून कांग्र्याची फाटणी, म्हणजे भूकंपात प्रस्तरभंगाचा जेवढा भाग सरकला तो, डेहराडूनपर्यंत पोहोचली असावी असे अनेक दशके मानले जाई. पुढे जुने भूकंपालेख आणि उंचीच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर फाटणी त्याहून लहान होती असे मत झाले आणि तीव्रताही ८ वरून ७.८ पर्यंत खाली आली. हा फरक किरकोळ नाही. फाटणी लहान ठरली की तिच्या पूर्वेचा गढवालचा पट्टा न फुटलेला उरतो.

याच सुमारास कॅलिफोर्नियात दुसरा दुवा सापडला. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी तेथल्या तीन वेगवेगळ्या काळातल्या त्रिकोणी मोजण्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. भूकंपाच्या कितीतरी आधीपासून प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजूंची जमीन हळूहळू वाकत होती आणि भूकंपाच्या वेळी ती झटक्यात सरळ झाली, असे त्यांना आढळले. १९१० मध्ये त्यांनी मांडलेल्या या सिद्धांताचा अर्थ असा, की भूकंपाची तयारी भूकंपाच्या आधी मोजता येते. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत अडकते, ढकलत राहिले तरी हलत नाही, आणि मग एकदम उघडते. किती ढकलले गेले हे मोजता आले तर ते किती उघडेल याचा अंदाज बांधता येतो. ते कधी उघडेल हे मात्र त्यातून कळत नाही.

हिमालयात ढकलणारे बळ कोणते, याचे उत्तर १९६० च्या दशकात भूपट्टांच्या सिद्धांताने दिले. हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे वाचून भारताचा उत्तरेकडचा प्रवास काढता आला. युरेशियाला भिडण्यापूर्वी तो वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षाही जास्त वेगाने सरकत होता, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टक्कर झाल्यावर वेग निम्म्याहून खाली आला. १९७५ मध्ये पीटर मोल्नार आणि पॉल टॅपोनिए यांनी तिबेटपासून बैकाल सरोवरापर्यंतचे प्रस्तरभंग आणि भूकंप या एका टकरीशी जोडून दाखवले. चुंबकीय पट्ट्यांवरून निघणारा वेग हा लाखो वर्षांची सरासरी होता. भारत आज, या वर्षी, किती सरकतो आहे, आणि त्यातले किती हिमालयात अडकते आहे, हे त्यातून कळत नव्हते. टेकडीवरून टेकडीकडे पाहणाऱ्या थिओडोलाइटला ते कळणे शक्यच नव्हते, कारण एका ठाण्यावरून समुद्रापलीकडचे ठाणे दिसत नाही.

उपग्रहांनी ही अडचण सोडवली. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला आणि १९९५ मध्ये २४ उपग्रहांची मालिका पूर्ण कार्यरत झाली. मोबाइल फोन जीपीएसचा जो संकेत वापरतो त्यातून जागा काही मीटरांपर्यंत कळते. भूपट्टांच्या मोजणीला तो उपयोगाचा नाही. तिथे संकेत वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीच मोजल्या जातात. त्यांतल्या एका लहरीची लांबी १९ सेंटिमीटर असते आणि तिचा अगदी लहानसा अंशही यंत्राला ओळखता येतो. उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर असतो, तरीही ठाण्याची जागा काही मिलिमीटरपर्यंत नक्की करता येते ती यामुळेच. उपग्रहांचे पूर्ण आकाश पाहायला मिळेल अशा जागी, पक्क्या खडकात रोवलेल्या खांबावर अँटेना बसवतात आणि ती रात्रंदिवस नोंद घेत राहते.

या कामात त्रासदायक गोष्टी बऱ्याच आहेत. आयनांबरातून येताना संकेताला उशीर होतो. तो वजा करण्यासाठी दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी एकाच वेळी मोजतात. हवेतल्या बाष्पामुळे होणारा उशीर अधिक चिवट असतो, आणि पावसाळ्यातल्या भारतात बाष्पाला तोटा नसतो. जमीनही ऋतूप्रमाणे हलते. पावसाळ्यात गंगेच्या मैदानात साचलेल्या पाण्याच्या भाराने कवच दबते, हिवाळ्यात पुन्हा वर येते, आणि नेपाळमधल्या ठाण्यांच्या नोंदीत हे दरवर्षीचे हेलकावे स्पष्ट दिसतात. एका वर्षाच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे त्यामुळे धोक्याचे. दोन-तीन वर्षांनी कल दिसू लागतो, दहा वर्षांनी तो भरवशाचा होतो. लॅम्बटनच्या वेळी चिकाटी कोन मोजण्यात लागत असे, आता ती यंत्र बंद पडू न देण्यात लागते. उंच डोंगरावर वीज, बॅटरी आणि गवत कापायला जाणारा माणूस यांची सोय नसेल तर सगळे गणित निरुपयोगी.

नेपाळमध्ये बिल्हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून ठरावीक खुणांवर काही दिवस यंत्र ठेवून, काही वर्षांनी परत येऊन पुन्हा मोजण्याची पद्धत चालवली. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात १९९० च्या दशकात कायमचे ठाणे सुरू झाले, आणि आंतरराष्ट्रीय जाळ्यातले ते दक्षिण भारताचे महत्त्वाचे ठाणे ठरले. विनोद गौर यांच्या पुढाकाराने आणि श्रीदेवी जडे यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून बंगळूरच्या गणितीय प्रतिमान केंद्राने लडाखपर्यंत ठाणी उभारली. कुलाबा वेधशाळेच्या परंपरेतून आलेल्या आणि आज नवी पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेनेही हिमालयात आणि दख्खनमध्ये जीपीएस मोजण्या केल्या. पृथ्वीच्या एकूण चौकटीत पाहिले तर बंगळूर वर्षाला पाच सेंटिमीटरच्या आसपास ईशान्येकडे सरकते. युरेशियाही थोडाफार त्याच बाजूला जात असल्यामुळे दोघांमधले अंतर त्याहून कमी वेगाने घटते.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या बिल्हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधाने नेपाळच्या हिमालयात वर्षाला सुमारे १८ मिलिमीटर आकुंचन होते असे दाखवले. त्यापेक्षा मोलाची गोष्ट त्या आकड्याच्या विभागणीत होती. नेपाळच्या दक्षिणेकडची तराई आणि पायथ्याच्या टेकड्या यांच्यात एकमेकींच्या तुलनेत फारशी हालचाल दिसत नव्हती. सगळे आकुंचन उंच शिखरांच्या पायथ्याजवळच्या एका अरुंद पट्ट्यात गोळा झाले होते. याचा अर्थ असा की भारतीय भूपट्ट हिमालयाच्या खाली ज्या उतरत्या पृष्ठावरून शिरतो त्याचा वरचा, सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा भाग पूर्ण जखडलेला आहे. खोलवर, जिथे खडक तापून मऊ झालेला आहे, तिथे तो सावकाश सरकतो. जखडलेल्या भागात जे सरकणे होत नाही ते ताण म्हणून साठत राहते आणि मोठ्या भूकंपातच मोकळे होते.

हा शोध लागल्यावर धोक्याचा हिशेब जवळजवळ व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखा मांडता येऊ लागला. एका बाजूला दरवर्षी जमा होणारे दोन सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला इतिहासातले भूकंप. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपानंतर काही महिन्यांनी बिल्हॅम, गौर आणि मोल्नार यांनी ‘सायन्स’मध्ये हा ताळेबंद मांडला. हिमालयाच्या मोठ्या भागात ८ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचा भूकंप होऊन जावा इतका ताण साठलेला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. लहान भूकंपांनी हा ताण हळूहळू निघून जाईल ही समजूत खरी नाही. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्यामुळे ६ तीव्रतेचे हजारभर भूकंप झाले तर कुठे ८ च्या एकाची बरोबरी होईल. १९९१ चा उत्तरकाशी आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप यांनी माणसे मारली, घरे पाडली, पण खात्यातली बाकी फारशी कमी केली नाही.

खातेवहीची जमेची बाजू जीपीएसने पक्की केली, खर्चाची बाजू मात्र अजून कच्ची आहे. कांग्रा आणि १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपाचे क्षेत्र यांच्यामधल्या पट्ट्याला भूकंपतज्ज्ञ खत्री यांनी १९८७ मध्ये ‘मध्यवर्ती भूकंपीय पोकळी’ म्हटले. तिथे शेवटचा मोठा भूकंप कधी झाला? १५०५ मध्ये पश्चिम नेपाळ हादरला होता. १८०३ मध्ये गढवालात भूकंप झाला, त्यात दिल्लीच्या कुतुबमिनारावरची छत्री कोसळली. १८०३ चा भूकंप खरोखर मोठा मानला तर आजची बाकी चार मीटरांच्या जवळपास आहे. तो मध्यम होता आणि मोठा भूकंप १५०५ चाच असे मानले तर ती दहा मीटरांपर्यंत जाते. हा फरक सोडवायला उपग्रह उपयोगी नाहीत. त्यासाठी पायथ्याच्या प्रस्तरभंगावर चर खणून मातीच्या थरांतल्या जुन्या फाटण्या मोजाव्या लागतात आणि जुनी कागदपत्रे धुंडाळावी लागतात. पूर्व नेपाळात अशा चरांमधून १९३४ ची फाटणी पृष्ठभागापर्यंत आली होती आणि तिच्या आधीची १२५५ ची होती असे दिसून आले. १२५५ च्या त्या भूकंपातच काठमांडूचा राजा अभय मल्ल मरण पावला होता.

या ताळेबंदाची परीक्षा २५ एप्रिल २०१५ ला झाली. ७.८ तीव्रतेच्या गोरखा भूकंपात नेपाळमध्ये सुमारे ९ हजार माणसे गेली. फाटणी बारपाक गावाजवळ सुरू झाली आणि पूर्वेकडे दीडशे किलोमीटरच्या आसपास पसरत काठमांडूच्या खालून गेली. नेपाळमधली काही जीपीएस ठाणी सेकंदाला पाच वेळा नोंद घेत होती. मोठ्या भूकंपाच्या फाटणीच्या थेट वर बसून तिचा प्रवास नोंदवण्याची अशी संधी आधी क्वचितच आली होती. काठमांडूचे खोरे दक्षिणेकडे दीड ते दोन मीटर सरकले आणि जवळजवळ एक मीटर उचलले गेले. त्याच वेळी उत्तरेकडची उंच पर्वतराजी थोडी खचली. सरकण्याची लाट एका ठिकाणाहून सहा सेकंदांच्या आसपास वेळात पुढे जात होती, आणि तिच्यामुळे खोऱ्यातला जुन्या सरोवराचा गाळ चार-पाच सेकंदांच्या लयीने डोलू लागला. या लयीत उंच इमारती जास्त हलतात आणि बैठ्या घरांना तुलनेने कमी त्रास होतो. उंच धरहरा मनोरा कोसळला आणि दोन-तीन मजली घरांची हानी भीती होती त्यापेक्षा कमी झाली, याचे एक कारण हेच.

गोरखा भूकंपाने खात्यातली बाकी पूर्ण फेडली नाही. फाटणी काठमांडूच्या थोड्या दक्षिणेला थांबली आणि पायथ्यापर्यंतचा पट्टा तसाच अडकून राहिला. नंतरच्या वर्षांत ठाण्यांवर जी सावकाश हालचाल दिसली ती मुख्यतः उत्तरेच्या, खोलवरच्या भागात होती. पश्चिम नेपाळ आणि त्याला लागून असलेला कुमाऊँ-गढवाल यांना तर या भूकंपाचा स्पर्शही झाला नाही.

हिमालयात उपयोगी पडणारी ही रीत दख्खनच्या पठारावर तोकडी पडते. द्वीपकल्पाच्या आतल्या भागात ठाण्यांमधले अंतर इतके थोडे बदलते की मोजणीच्या त्रुटीपासून ते वेगळे काढणे अवघड जाते. तरीही तेथे भूकंप होतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा संबंध शिवाजीसागर जलाशयातल्या पाण्याशी जोडला जातो. अनंत चतुर्दशीची रात्र संपता संपता, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीत आणि आसपासच्या गावांत ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पाडल्या, आणि आठ ते दहा हजार लोक दगावले. किल्लारीजवळ शेतात अर्ध्या-पाऊण मीटरची उंचवट्याची रेघ उमटली, पण तो प्रस्तरभंग आधी कोणाला माहीत नव्हता. तेथे आधीपासून जीपीएस ठाणे असते तरी बहुधा काही वेगळे दिसले नसते. भूपट्टांच्या कडेवर ताण वर्षाला सेंटिमीटरांनी साठतो, आत तो हजारो वर्षांत साठतो. त्यामुळे अशा प्रदेशात धोक्याचा नकाशा मोजणीपेक्षा झालेल्या भूकंपांवरून जास्त ठरतो. किल्लारी १९९३ मध्ये भारतीय मानकाच्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होते. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात पहिले क्षेत्र ठेवलेच नाही, आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेले.